मुखरूच्या शब्दावरची पांदण

मी एक जुनी पांदण आहे. गावातली काही शहाणी माणसं हल्ली ‘आहे’च्या जागी ‘होती’ म्हणतात. म्हणोत बापडी. मी अजून माझ्या जागेवर पडून आहे, बंडीच्या चाकोऱ्या अजून माझ्या अंगावर आहेत, मग मी माझ्याच तोंडानं ‘होते’ कशाला म्हणू?

मित्रांनो, तुमच्यापैकी जे शहरात राहतात त्यांना पांदण म्हणजे काय ते आधी सांगते. शेताशेतांच्या मधून जाणारी, एक बैलबंडी जाईल एवढी कच्ची वाट म्हणजे पांदण. तिला ना डांबर, ना दिवा, ना पाटी. पण तिच्यावरूनच माणसं वावरात जातात आणि धान घरी येतं. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधल्या जंगलात बोडीटोला नावाचं लहानसं गाव आहे, त्या गावची मी. गावच्या हातपंपापाशी माझं तोंड. तिथून मी दादाजी भोयरांच्या मोठ्या वावराच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधाच्या कडेनं जाते, नाला उतरते आणि पलीकडे मंगलीबाई मडावीच्या शेतात, तिच्या बोडीच्या पाळीवर जाऊन थांबते. बोडी म्हणजे लहान तळं, आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. तिच्या मागं जंगल, आणि जंगलातून जाणारा वनखात्याचा रस्ता.

नाल्याच्या पलीकडे, मंगलीच्या शेताला अगदी खेटून, दादाजींचंही एक लहान वावर आहे. त्याला सगळे ‘मागची बांधी’ म्हणतात. हे वावर लक्षात ठेवा, कारण सगळं प्रकरण शेवटी तिथंच येऊन थांबलं.

मला कुणी कंत्राटदारानं बांधलं नाही. दोन माणसांच्या बोलण्यातून माझा जन्म झाला. दादाजींचे वडील मुखरू आणि मंगलीचे सासरे पोचू हे ते दोघं. पोचूजवळ बोडी होती, पाणी होतं, पण त्याच्या शेतातून गावात बंडी काढायला वाट नव्हती. मुखरूजवळ गावालगतचं मोठं वावर होतं, पण त्याची मागची बांधी भादव्यात कोरडी पडायची. एका उन्हाळ्यात दोघं हातपंपाच्या जागी, तेव्हा तिथं नुसतं मोहाचं झाड होतं, बसले. मुखरू म्हणाला, “पोचू, माह्या धुऱ्यानं तुयी बंडी जाऊ दे. तुया पोराची जाऊ दे, त्याच्या पोराचीबी जाऊ दे.” पोचू म्हणाला, “अन् माह्या बोडीचं पाणी तुया मागच्या बांधीले. आभाळ रुसलं तरी पाणी बंद होनार नाई.” पोचूनं आपल्या पेनाचं, म्हणजे देवाचं नाव घेऊन तिथं एक दगड रोवला. मुखरूनं त्या दगडाला कुंकू लावलं. झालं. त्या काळी कागद मागणं म्हणजे समोरच्याला खोटारडा म्हणण्यासारखं होतं, म्हणून कुणीच मागितला नाही.

पहिल्याच पावसाळ्यात पोचूनं आपणहून एक रीत पाडली. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी झाली की तो बोरीच्या काट्या तोडून आणायचा आणि माझ्या तोंडाशी आडव्या लावायचा. गावची ढोरं माझ्यावरून आत शिरून मुखरूचं उभं धान खाऊ नयेत, म्हणून. माणूस तिरपा होऊन निघेल एवढी फट तेवढी ठेवायचा. कापणी झाली की पुन्हा तोच यायचा, काट्या काढायचा, नारळ फोडायचा आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मुखरूच्या घरी नेऊन द्यायचा. चालणाऱ्यानंच वाट बंद करायची आणि चालणाऱ्यानंच उघडायची, अशी ती रीत. मुखरूला कधी एक काटा लावावा लागला नाही.

पुढे पोचूच्या घरात सून आली ती मंगली. तिची वरातीची बंडी माझ्यावरूनच गेली. तेव्हा ती एवढी बारकी होती की बंडीत बसली आहे की नाही, हेच कळत नव्हतं. काही वर्षांनी सासरा गेला, मग नवराही गेला, आणि काट्या लावायचं काम तिच्याकडे आलं. तिनं ते एकदाही चुकवलं नाही. मोहाच्या दिवसांत ती आणि गावातल्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन माझ्यावरून जायच्या. दोन्हीकडे मोकळी वावरं, त्यामुळे वाघ आला तरी लांबून दिसायचा. बाया मोठ्यानं बोलत, हसत जायच्या. नीलाबाई म्हणून एक होती, तिची तर बडबड नाला आला तरी संपायची नाही.

दादाजींचा मुलगा धनराज सायकल शिकला तीही माझ्यावरच. सीटवर बसलं तर पाय पुरत नसत, म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची मारायचा. मागून कॅरिअर धरून कोण पळायचं, सांगा बरं? मंगली! दादाजींना वेळ कुठला? “पाह्य पोरा, समोर पाह्य! नाल्यात जाशीन!” असं ओरडत ती पळायची आणि तो नाल्यातच जायचा. एकदा गुडघा सोलून निघाला, तर तिनं पदरानं पुसून, पाला चोळून लावला आणि उचलून घरी नेऊन दिला. मला हे का आठवतं, ते पुढे कळेल.

माझं कौतुकही झालं बरं का. एका निवडणुकीच्या आधी पाच-सहा जण आले, त्यांनी टेप लावून मला मोजलं, माझ्या तोंडाशी नारळ फोडला, फोटो काढले आणि मुरूम टाकू म्हणाले. मी चार दिवस छाती फुगवून पडले होते. नारळ फुटला, मुरूम काही आला नाही. पुढे दादाजींनीच दोन टोपल्या राखड, म्हणजे राख आणून माझा एक खड्डा बुजवला. खरं बोललं पाहिजे, दादाजी तेव्हा चांगले वागायचे. रोज सकाळी माझ्यावरून मागच्या बांधीपर्यंत जायचे, पोचूच्या दगडाला हात लावायचे, मग पुढे निघायचे. मला ते घरच्यासारखे वाटायचे. म्हणूनच मला एवढं लागलं.

मग सरकारनं नवा नियम काढला. गावागावातल्या पांदणी, शिवरस्ते, गाडवाटा सगळ्या नकाशावर घ्यायच्या. प्रत्येकीला क्रमांक द्यायचा. ज्याच्या जमिनीतून वाट जाते त्याच्या सातबाऱ्यावर तशी नोंद करायची, म्हणजे पुढे कुणी वाट अडवू शकणार नाही. ज्या वाटेचं नाव कुठंच नव्हतं, तिला नाव मिळणार होतं. हे ऐकून मला काय वाटलं म्हणून सांगू! इतकी वर्षं नुसत्या शब्दावर पडून राहिलेली मी, मला कागद मिळणार होता. कायदा चांगला होता, मित्रांनो. आजही मी त्याला नावं ठेवत नाही.

पण त्याच वर्षी धनराज चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरहून वारंवार यायला लागला. तिकडे तो लहानसहान ठेके घ्यायचा. आता त्याच्यासोबत पांढऱ्या गाडीतून नागपूरचा एक माणूस यायचा. वाघ पाहायला येणाऱ्या लोकांसाठी त्याला मोठं हॉटेल बांधायचं होतं आणि दादाजींचं गावालगतचं वावर त्याला पसंत पडलं होतं. एकच अट होती. माझ्यावर उभं राहून तो धनराजला म्हणाला, “सातबारा साफ पाहिजे. त्यावर कुणाची वाट आली, तर सौदा नाही.”

“वाट कुठी हाये इथी?” धनराज हसून म्हणाला. तो माझ्यावरच उभा होता!

मला वाटलं, म्हणू दे त्याला. दादाजी आहेत ना.

पोळा झाल्यावर आठ-दहा दिवसांनी शिवार फेरी निघाली. पुनम मॅडम म्हणून नव्या पटवारी होत्या. मोबाइल हातात घेऊन त्या गावच्या एकेका वाटेवरून चालत होत्या, सोबत कोतवाल चैतू आणि गावातले पंधरावीस लोक. फिरत फिरत ते माझ्या तोंडाशी आले. दिवस कोणते, तर भादव्याचे. धान पोटरीत आलेलं. आणि माझ्या तोंडाशी काय? मंगलीनं रीतीप्रमाणे लावलेल्या काट्या.

धनराज मोटरसायकलवरून उतरला. “मॅडम, इथी वाट-बीट काई नाई. पाहा ना, काट्या हायेत. चालू वाटेवर कोनी काट्या लावते काय?”

मॅडमनी विचारलं, “काट्या कुणी लावल्या?”

गर्दीतून मंगली पुढं आली. तिला वाटलं, आपल्या कामाचं कौतुकच होणार. “मीच लावल्या जी. दरसालच लावतो आमी.”

“ऐका!” धनराज टाळी वाजवून म्हणाला. “जिची वाट म्हनतेत, तिनंच बंद केली. मंग आमचा काय गुन्हा?”

“असं नाई मॅडम,” मंगली गोंधळून म्हणाली. “धान उभं हाये ना याच्या बापाचं. ढोरं शिरतीन. कापनी झाली का काढून टाकतो. माह्या सासऱ्यापासून असंच हाये. अरे धनराज, तुले नाई ठाव काय? तू तं इथीच सायकल शिकला ना बापा!”

धनराजनं तिच्याकडे पाहिलंच नाही. मोबाइल काढून उगाच काहीतरी पाहत बसला.

पुनम मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बाई, तुमचं म्हणणं मला समजलं. पण वाट फार वर्षांची आहे, हे गावातल्या जाणत्या माणसांनी सांगायला हवं. जमीन ज्यांची आहे त्यांनी सांगितलं तर मग प्रश्नच नाही. जमीन कुणाच्या नावावर आहे?”

“दादाजीभाऊच्या,” चैतू म्हणाला.

सगळे दादाजींकडे वळले. ते पोचूच्या दगडाला हात लावून उभे होते. मंगलीचा चेहरा उजळला. “सांगा ना भाऊ,” ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. दादाजीभाऊ बोलले की काम झालं, अशी तिची खात्री होती, आणि माझीही.

दादाजींनी एकदा मुलाकडे पाहिलं. मग खाली, माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, “माह्या बापाच्या वक्ताचं आता कोनाले आठवते, मॅडम. मले तं काई आठवत नाई.”

मुलांनो, माझ्यावरून लोखंडी चाकाच्या बंड्या गेल्या, ट्रॅक्टर गेले, नाल्याच्या पुरानं मला दोनदा खरवडून नेलं. पण असं कधी दुखलं नव्हतं. ज्या सकाळी हा माणूस माझ्याबद्दल म्हणाला की आठवत नाही, त्याच सकाळी तो माझ्यावरूनच मागच्या बांधीला जाऊन आला होता!

“कुणाला काही सांगायचं आहे का?” मॅडमनी पुन्हा विचारलं.

पंधरावीस माणसं होती. प्रत्येकाचे पाय मी ओळखत होते. पण धनराजनं सगळ्यांना आधीच गाठलं होतं. कुणाच्या पोराला हॉटेलच्या गेटवर नोकरी, कुणाच्या सुनेला स्वयंपाकघरात काम. नीलाबाई, जिची बडबड नाल्यापर्यंत संपायची नाही, तिनं त्या दिवशी तोंडाला पदर लावला. कुणी आभाळाकडे पाहिलं, कुणी तंबाखू मळली. मॅडमनी जे ऐकलं तेच मोबाइलवर लिहिलं. त्यांचा काय दोष? कायद्यानं गावाला एक साधा प्रश्न विचारला होता, आणि गाव मुकं झालं.

पुढे ग्रामसभेत वाटांची नावं वाचली गेली. स्मशानाची वाट आली, शाळेची आली, अगदी दोन घरांची असलेली बोळसुद्धा आली. माझं नाव आलं नाही. हरकत घ्यायला अजून मुदत होती. मंगलीचा मुलगा प्रफुल्ल गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात कामाला आहे. त्याचा फोन आला, “माय, अर्ज टाक. मी येतो, आपण तहसीलला जाऊ.” ती बोडीच्या पाळीवर बसून बोलत होती, म्हणून मला ऐकू आलं. ती म्हणाली, “नको रे. ज्याच्या बापानं तोंडानं देल्ली, त्याच्यावर अर्ज टाकू काय? लाज वाटते. भाऊ पोरासमोर बोलले नसतीन. आज नाई तं उद्या सांगतीन. मानूस वाईट नाई तो.”

अगं वेडे! मी ओरडले असते, पण माझं ओरडणं कुणाला ऐकू जातं? ती वाट पाहत राहिली आणि मुदत संपली. भोळेपणाला काय म्हणायचं? तिच्या सासऱ्यानं तिला एवढंच शिकवलं होतं की शब्द देणारा माणूस शब्दाला जागतो. न जागणारा भेटला तर काय करायचं, हे शिकवायचं राहून गेलं.

कापणी झाली. ठरल्या दिवशी मंगली नारळ आणि विळा घेऊन माझ्या तोंडाशी आली. तिथं सिमेंटचे खांब उभे होते, खांबांना तारेची जाळी, आणि आत खुर्चीवर एक अनोळखी राखणदार. वावराचा सौदा होऊन गेला होता. तिच्या काट्या जाळीच्या बाहेर तशाच पडून होत्या.

“इधर से रास्ता नहीं है, अम्मा,” राखणदार म्हणाला.

तिनं वाद घातला नाही. मग तिनं आपल्या काट्या एकेक करून गोळा केल्या, मोळी बांधली आणि डोक्यावर घेऊन निघाली. राखणदारानं विचारलं, ये किस काम के, तर म्हणाली, “माह्या हायेत.” नारळ न फोडताच परत नेला.

त्या वर्षी तिचं धान घरी कसं गेलं, ऐका. वनखात्याच्या रस्त्यानं, जंगलातून मोठा वळसा घालून. त्या रस्त्याला दोन्हीकडे दाट झुडपं. समोरून वाघ आला तर जवळ येईपर्यंत दिसणार नाही. भाड्याचा ट्रॅक्टर त्या वाटेवर यायला तयार होईना, तेव्हा बऱ्याच पेंढ्या तिनं आणि दोन बायांनी डोक्यावरून नेल्या, डबे वाजवत, एकमेकींना हाका मारत. मोहाच्या दिवसांत तर बाया गेल्याच नाहीत. मोह झाडाखाली पडून सडला. ज्यांच्या पोरांना गेटवर नोकरी मिळणार होती, त्यांच्याच घरचा मोह होता तो. नोकऱ्या अजून मिळालेल्या नाहीत.

आता मागच्या बांधीकडे वळू. ते वावर दादाजींनी विकलं नव्हतं. म्हातारपणी आपलं खायचं धान आपण पिकवू, म्हणून ठेवलं होतं. नागपूरचा माणूस त्यांना म्हणाला होता, “आजोबा, तुमच्यासाठी गेट ठेवू. केव्हाही या, केव्हाही जा.” तोंडी बरं का! दादाजींनी त्या शब्दावर विश्वास ठेवला. आहे की नाही गंमत? रोवण्याच्या दिवसांत ते गेटशी गेले तर कुलूप. राखणदारानं साहेबांना फोन लावला. साहेबांना काही आठवत नव्हतं.

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, चांगलं पोट भरून हसले. मग म्हातारा काठी टेकत जंगलाच्या रस्त्यानं निघालेला दिसला आणि माझं हसू थांबलं.

त्या रस्त्यानं आलं तरी मागच्या बांधीत जायला मंगलीच्या धुऱ्यावरूनच जावं लागतं. दादाजी तिच्या शेताच्या कडेला येऊन उभे राहिले. आत पाय ठेवायची हिंमत होईना. नाल्याच्या अलीकडची मी तारेत अडकले असले, तरी माझी शेपटी मंगलीच्या बोडीपाशी मोकळी आहे. तिथून मी सगळं पाहत होते. मंगली चिखलात रोवणा करत होती. तिनं मान वर केली. आता ही त्यांना हाकलून देणार, असं मला वाटलं.

“या ना भाऊ,” ती म्हणाली. “उन्हात काऊन उभे?”

असे दादाजी पावसाळाभर तिच्या धुऱ्यावरून जात राहिले. भादव्यात आभाळ रुसलं. धान वाळायला लागलं. गावात पैजा लागल्या की आता मंगली पाणी अडवणार, म्हाताऱ्याला बरोबर धडा मिळणार. मलाही तेच हवं होतं. पण तिनं बोडीची मोरी उघडली आणि दरसालसारखं पाणी मागच्या बांधीला सोडलं.

दुसऱ्या दिवशी दादाजी पाळीवर आले. “बाई, पानी बंद कर.”

“काऊन भाऊ? भरलं काय?”

“नाई भरलं. पन बंद कर. मले झोप येऊन नाई राह्यली तुया पान्यानं.”

“माह्या सासऱ्यानं देल्लं हाये ते,” मंगली म्हणाली. “मी कोन बंद करनारी? तुमाले नाई आठवत, मले आठवते.” एवढं बोलून ती कामाला लागली. दादाजी तिथंच बसून राहिले.

यंदा उन्हाळ्यात पुनम मॅडम पुन्हा आल्या. राहून गेलेल्या वाटांची नोंद घ्यायची होती. मंगली स्वतः त्यांना बोडीवर घेऊन आली, आणि दादाजींनाही बोलावून घेतलं. मला वाटलं, आता माझी गोष्ट निघणार! मी कान टवकारले. पण मंगलीनं आपल्या धुऱ्याकडे बोट दाखवलं.

“मॅडम, ही वाट लिवा. माह्या वावरातून दादाजीभाऊच्या बांधीले जाते.”

मॅडम चकित झाल्या. “बाई, ही कुणी मागितलेली नाही. एकदा नोंद झाली की तुमच्या सातबाऱ्यावर कायमची राहील. तुमची तेवढी जागा अडकेल. तुम्ही तशीच जाऊ द्या ना त्यांना, आता देता तशी.”

“नाई जी,” मंगली म्हणाली. “मी आज तोंडानं देईन. उद्या मी मरीन. मंग माह्या पोराले विचारान, तं तो म्हनंल मले आठवत नाई. म्हनून लिवा.”

दादाजींच्या हातातली काठी खाली पडली. ते धुऱ्यावरच बसले, चेहरा दोन्ही हातांत घेऊन. मग रडत रडत म्हणाले, “मॅडम, मले समदं आठवते. माह्या बापानं देल्ली होती पोचूले वाट. तिकडं हातपंपापाशी, त्या मोहाखाली देल्ली. मी समोर होतो. दगडाले कुकू लावताना वाटी माह्याच हातात होती. लिवा मॅडम, तेबी लिवा.”

मॅडमनी काठी उचलून त्यांच्या हातात दिली. मग हळूच म्हणाल्या, “आजोबा, ती जमीन आता तुमची नाही. तुम्ही साक्ष द्या, मी अर्ज घेते. पण आता नवे मालक येतील, त्यांचे वकील येतील, तारखा पडतील. त्या दिवशी तुमचं एक वाक्य पुरलं असतं.”

अर्ज गेला आहे. तारखा पडत आहेत. दादाजी प्रत्येक तारखेला जातात, धनराज त्यांच्याशी बोलत नाही. निकाल काय लागेल कोण जाणे. मंगलीच्या धुऱ्यावरच्या वाटेला मात्र क्रमांक मिळाला. काल-परवा जन्मलेली ती चिमुरडी नकाशावर आहे, आणि मी, जिच्यावरून तीन पिढ्या गेल्या, ती नाही. मला तिचा हेवा वाटतो. माझ्या अंगावर आता गवत वाढलं आहे, आणि हॉटेलवाल्यानं माझ्यावर विटांचे ढीग लावले आहेत.

परवा रोवणा संपला. सकाळी दादाजी बोरीच्या काट्यांची मोळी डोक्यावर घेऊन जंगलाच्या रस्त्यानं आले. हात ओरबाडून रक्त निघालं होतं, तरी त्यांनी मंगलीच्या धुऱ्याच्या तोंडाशी एकेक काटी नीट आडवी लावली, तिच्या धानात ढोरं शिरू नयेत म्हणून. माणूस तिरपा होऊन जाईल एवढी फट ठेवली. मंगलीनं लांबून पाहिलं. आली नाही, बोलली नाही, रोवलेल्या धानात वाकून गवत काढत राहिली.

मित्रांनो, मी रागावलेली आहे, आणि माझा राग इतक्यात जाणार नाही. पण तुमच्यावर माझा राग नाही, म्हणून तुमच्याकडे एक मागणं मागते. तुमच्याही गावात अशी एखादी पांदण असेल, जिच्यावरून तुम्ही शाळेत जाता, बोरं वेचता, सायकल शिकता. एखाद्या दिवशी कुणी मोबाइल घेऊन तिच्या तोंडाशी येईल आणि विचारेल, ही वाट कुणाची, केव्हापासूनची. तेव्हा घरचे तुमच्याकडे डोळे वटारून पाहतील, शेजारी तंबाखू मळत उभे राहतील. तुम्ही लहान आहात म्हणून गप्प बसू नका. पुढं व्हा आणि सांगा की मी या वाटेवरून जातो, माझी आई जाते, माझी आजी जायची. त्याच दिवशी सांगा.